व्हाइसरॉयच्या खोल्या आणि त्यानंतरची बिऱ्हाडं

२१ जून १९४८. लॉर्ड माउंटबॅटन मायदेशी परतले आणि त्यांच्या जागी चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजे सगळ्यांचे राजाजी, भारताचे गव्हर्नर जनरल झाले. दिल्लीच्या रायसिना टेकडीवरच्या त्या अवाढव्य घरात घरधनी म्हणून राहायला येणारे ते पहिले भारतीय. व्हाइसरॉयचं ऐसपैस शय्यागृह, त्याला लागून असलेल्या बैठकीच्या खोल्या, सगळं आयतं तयार होतं. राजाजी तिथे राहिले नाहीत. त्याच घरातल्या काही लहान, साध्या खोल्या त्यांनी पसंत केल्या आणि तिकडे बिऱ्हाड हलवलं. पुढच्या राष्ट्रपतींनीही तीच बाजू धरली. आज राष्ट्रपतींचं कुटुंब राहतं ते याच भागात. व्हाइसरॉयच्या खोल्या परदेशी राष्ट्रप्रमुखांच्या मुक्कामासाठी ठेवल्या आहेत.

प्रजासत्ताक व्हायला तेव्हा दीड वर्ष अवकाश होता, राज्यघटनेचा मसुदा अजून चर्चेत होता. पण सत्ता बदलल्यावर सत्तेच्या घरात कसं राहायचं, याचा पहिला निवाडा तेव्हाच झाला. राष्ट्रपती भवनाचा घुमट, तिथली झुंबरं, तिथला संगमरवर यांची वर्णनं पुष्कळ झाली आहेत. कोणी कोणती खोली घेतली, कोणती सोडली आणि कोणत्या खोलीचं पुढे काय केलं, ही गोष्ट त्याहून जास्त सांगण्यासारखी आहे.

या जागेचे पहिले रहिवासी शेतकरी होते. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात बादशहा पंचम जॉर्ज यांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा केली, आणि तीनच दिवसांनी दरबाराच्या जागेजवळ नव्या शहराच्या कोनशिला बसवल्याही गेल्या. मग तज्ज्ञांची समिती आली. तिला उत्तरेकडची ती जागा पसंत पडली नाही. तिने दक्षिणेची रायसिना टेकडी निवडली आणि कोनशिला उचलून इकडे आणाव्या लागल्या. टेकडीवर आणि तिच्या आसपास रायसिना, मालचा अशी नांदती गावं होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली सुमारे तीनशे कुटुंबांच्या जमिनी घेतल्या गेल्या. मालच्याचे बरेच लोक आजच्या हरियाणातल्या सोनिपतकडे जाऊन वसले. त्यांचे वंशज अजूनही स्वतःला मालच्याचे म्हणवतात, आणि मोबदल्याचा प्रश्न त्यांनी शंभर वर्षांनंतरही कोर्टात नेला आहे. दिल्लीत आता ‘मालचा मार्ग’ आहे. तो एका श्रीमंत वस्तीतला रस्ता. राष्ट्रपती भवनाचा इतिहास वास्तुविशारदाच्या नकाशापासून सुरू करायची रीत पडली आहे. खरं तर तो या गावांपासून सुरू व्हायला हवा.

वास्तुविशारद होते एडविन लुटियन्स. दोन्ही बाजूंची सचिवालयं हर्बर्ट बेकर यांच्याकडे होती. दोघे जुने मित्र. या कामाने मैत्री तुटली. लुटियन्स यांना टेकडीच्या माथ्यावर एकटा प्रासाद हवा होता. बेकर यांनी सचिवालयंही त्याच पातळीवर आणली, त्यामुळे प्रासाद मागे सरकला आणि समोरच्या रस्त्याचा चढ मध्ये आला. त्याचा परिणाम आजही डोळ्यांना दिसतो. इंडिया गेटकडून निघालं की घुमट समोर असतो. विजय चौकापाशी येताच घर चढाआड बुडतं, खांब नाहीसे होतात, वरचा घुमट तेवढा उरतो. ही चूक लुटियन्स यांच्या ध्यानात आली तेव्हा आराखड्यावर त्यांची संमती होऊन बसली होती. चढ कापून सौम्य करावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं विनवण्या केल्या. खर्च वाढेल म्हणून सरकारने दाद दिली नाही.

खर्च तसाही वाढलाच. चार लाख पौंडांत उरकायचं काम ८,७७,१३६ पौंडांवर गेलं. मध्ये पहिलं महायुद्ध आलं, मजूर आणि पैसा दोन्ही आटले, आणि सगळं पुरं व्हायला सतरा वर्षं लागली. मुख्य इमारतीचं कंत्राट हारून अल रशीद यांच्याकडे होतं. समोरच्या प्रांगणाचं काम सुजान सिंग आणि त्यांचे चिरंजीव सोभा सिंग यांनी केलं. लेखक खुशवंत सिंग हे या सोभा सिंगांचे पुत्र. सुमारे सत्तर कोटी विटा आणि तीस लाख घनफूट दगड लागला. पोलाद जवळजवळ वापरलंच नाही. हजारो पाथरवट तांबड्या आणि पिवळट वालुकाश्मावर छिन्नी चालवत होते. त्यातून उभं राहिलं ते ३४० खोल्यांचं घर.

लुटियन्स यांना भारतीय वास्तुकलेबद्दल फारसा आदर नव्हता आणि आपल्या पत्रांतून त्यांनी ते लपवलंही नाही. तरी घरात भारत शिरलाच. घुमटाभोवती सांचीच्या स्तूपासारखा दगडी कठडा आहे. छज्जे आहेत, छत्र्या आहेत, जाळ्या आहेत, हत्ती आहेत. खांबांच्या माथ्याशी दगडी घंटा कोरल्या आहेत. घंटा वाजली की राज्य जातं अशी एक समजूत होती, म्हणून कधीच न वाजणाऱ्या घंटा बसवल्या, असं सांगतात. सतरा वर्षं खपून बांधलेल्या त्या घरात व्हाइसरॉय राहिले ती पुरती अठरा वर्षंही नाहीत. आयर्विन, विलिंग्डन, लिनलिथगो, वेव्हेल आणि माउंटबॅटन. पाच बिऱ्हाडं झाली आणि राज्य संपलं.

पहिल्याच दिवशी या घराला पुढच्या काळाची चाहूल लागली होती. २३ डिसेंबर १९२९ रोजी आयर्विन नव्या घरात राहायला येत असताना दिल्लीजवळ क्रांतिकारकांनी त्यांच्या गाडीखाली बॉम्ब उडवला. डब्याचं नुकसान झालं, आयर्विन बचावले. त्याच दिवशी दुपारी ते नव्या घरात गांधीजी, मोतीलाल नेहरू, जिना, तेजबहादूर सप्रू आणि विठ्ठलभाई पटेल यांना भेटले. बोलणी फिसकटली, आणि आठवड्याभरात लाहोर काँग्रेसने संपूर्ण स्वराज्याचा ठराव केला. मीठ सत्याग्रह आणि तुरुंगवास झाल्यावर गांधीजी पुन्हा आले ते १७ फेब्रुवारी १९३१ ला. नव्या राजधानीच्या उद्घाटनाचे सोहळे नुकतेच झाले होते. पंचा नेसलेला तो माणूस त्या पायऱ्या चढून बादशहाच्या प्रतिनिधीशी बरोबरीने बोलायला बसतो, याचा विन्स्टन चर्चिल यांना किती संताप आला हे प्रसिद्धच आहे. ५ मार्चला करार झाला. घराच्या इतिहासातलं हे पहिलं मोठं काम, आणि ते झालं ते दरबारात नाही, व्हाइसरॉयच्या अभ्यासिकेत.

पुढच्या व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांना घर सजवण्याची दांडगी हौस होती आणि जांभळट रंग त्यांच्या फार आवडीचा. त्यांनी केलेले बदल पाहून लुटियन्स हैराण झाले. त्यांतले बरेचसे पुसून काढण्यासाठी लिनलिथगो यांनी नंतर लुटियन्स यांनाच बोलावून घेतलं. पण लेडी विलिंग्डन यांची एक गोष्ट टिकली, आणि ती टिकली हे चांगलं झालं. घरातल्या नृत्यदालनाच्या छताच्या मधोमध चामड्यावर रंगवलेलं एक इराणी चित्र आहे: काजार घराण्याचा शाह फतेह अली आपल्या बावीस मुलांसह शिकार करतो आहे. हे चित्र लंडनच्या इंडिया ऑफिसमधून आणलेलं. त्याच्या भोवतीचं सबंध छत त्याच शैलीत रंगवून घेण्याचं लेडी विलिंग्डन यांनी मनावर घेतलं. इटालियन चित्रकार तोमासो कोलोनेल्लो आणि त्यांच्या हाताखालचे तेवीस भारतीय कलावंत यांनी ते काम केलं. इराणी चित्र, इटालियन देखरेख, भारतीय हात! (शेजारच्या नॉर्थ ब्लॉकमधल्या भिंतींवर आणि छतांवर त्याआधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी चित्रं रंगवली होती. दिल्लीच्या या टेकडीवर महाराष्ट्राचा कुंचला असा आधीच पोचला होता.)

नृत्यदालनाची जमीन लाकडी, नाचणाऱ्यांच्या पावलांना उसळी मिळावी म्हणून खाली स्प्रिंगा बसवलेल्या. स्वातंत्र्यानंतर तिथले नाच थांबले आणि दालनाला अशोकाचं नाव मिळालं. आता परदेशी राजदूत आपली अधिकारपत्रं राष्ट्रपतींना सादर करतात ती इथे, शाह फतेह अलीच्या शिकारीखाली.

फाळणीचा निर्णयही याच घरात बसून झाला. २ जून १९४७ रोजी माउंटबॅटन यांनी आपल्या अभ्यासिकेत सात नेत्यांना एका टेबलाभोवती बसवलं: नेहरू, पटेल, कृपलानी, जिना, लियाकत अली, निश्तर, आणि शिखांचे बलदेव सिंग. दुसऱ्या दिवशी योजना जाहीर झाली. त्यानंतर देशाबरोबर घरातल्या वस्तूंचीही वाटणी आली. व्हाइसरॉयची सोन्याचा मुलामा दिलेली बग्गी कोणाला मिळावी यावर एकमत होईना, तेव्हा नाणं उडवलं गेलं आणि बग्गी भारताला मिळाली, अशी हकीकत सांगितली जाते. कोट्यवधी माणसं घरदार सोडून रस्त्यावर आली होती त्या महिन्यांत ही वाटणी किती क्षुल्लक! तरी सरकार नावाची गोष्ट कशी चिरली जाते, हे या एका नाण्यावरून समजतं.

१५ ऑगस्टला सकाळी घुमटाखालच्या दरबार हॉलमध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळाने शपथ घेतली. कायदामंत्री म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पुण्याचे काकासाहेब गाडगीळ होते. त्यांच्याकडे बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती आली. जातिव्यवस्थेने ज्यांना पाणवठ्यावर जाऊ दिलं नाही, त्यांना साम्राज्याच्या सिंहासनदालनात कायद्याचं खातं मिळालं. लुटियन्स यांनी हे दालन आखलं तेव्हा त्यात व्हाइसरॉय आणि त्यांच्या पत्नीसाठी दोन सिंहासनं होती. प्रजेने तिथे उभं राहायचं, एवढीच योजना होती.

अडीच वर्षांनी, २६ जानेवारी १९५० रोजी सकाळी १० वाजून १८ मिनिटांनी राजाजींनी याच दालनात प्रजासत्ताकाची घोषणा वाचली, आणि सहा मिनिटांनी डॉ. राजेंद्रप्रसाद राष्ट्रपती झाले. सरन्यायाधीश हरिलाल कानिया यांनी शपथ दिली. दुपारी राष्ट्रपती बग्गीतून आयर्विन स्टेडियमकडे निघाले. ‘गव्हर्नमेंट हाउस’चं राष्ट्रपती भवन झालं ते तेव्हापासून.

त्या दिवशी दरबार हॉलमध्ये आणखी एक बिऱ्हाड होतं, आणि ते फारसं कोणाला ठाऊक नाही. १९४७-४८ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल अकादमीत भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. देशभरातून गोळा केलेल्या त्या मूर्ती आणि चित्रं परत आल्यावर त्यांचं प्रदर्शन दिल्लीत याच घरात मांडलं गेलं. एकदा एकत्र आलेला हा ठेवा पुन्हा विखरू नये, असं अनेकांना वाटलं. १५ ऑगस्ट १९४९ रोजी राजाजींनी इथेच राष्ट्रीय संग्रहालयाचं उद्घाटन केलं. जनपथावरची इमारत तयार होईपर्यंत, म्हणजे १९६० पर्यंत, देशाचं संग्रहालय राष्ट्रप्रमुखाच्या घरात नांदत होतं. सिंहासनाच्या जागेमागे गुप्तकाळातली बुद्धमूर्ती उभी आहे, आणि समोर राष्ट्रपतींसाठी एकच खुर्ची. मूर्तीच्या पायांची पातळी इंडिया गेटच्या माथ्याएवढी आहे, असंही सांगतात. साम्राज्याच्या दालनाचा यापेक्षा चांगला उपयोग कोणाला सुचला असता असं वाटत नाही. राजाजींनी आवारातली काही जमीनही नांगरून तिथे धान्य पेरलं होतं. अन्नटंचाईचे दिवस होते आणि सुरुवात आपल्या घरापासून व्हावी असं त्यांचं म्हणणं होतं.

घराचं मेजवानीचं दालन १०४ पाहुण्यांचं. भिंतींवर आता माजी राष्ट्रपतींची तैलचित्रं आहेत. त्यांच्या वरच्या बाजूला छोटे दिवे बसवलेले आहेत: निळा लागला की वाढप्यांनी सावध व्हायचं, हिरवा लागला की वाढायचं, तांबडा लागला की ताटं उचलायची. वाढप्यांना हाक मारावी लागत नाही आणि एका टोकाचा पाहुणा वाट पाहत बसत नाही. लुटियन्स यांनी मुलांच्या खोलीसाठी केलेले दिवेही असेच डोकेबाज: फुटलेल्या अंड्याचा आकार आणि बल्ब म्हणजे त्यातला बलक.

माणसांकडे वळलं तर हे घर सगळ्यांना सारखं मानवलं असं नाही. गुलाबांचे जाणकार डॉ. झाकिर हुसेन यांचं ३ मे १९६९ रोजी इथेच, पदावर असताना निधन झालं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्याकडे हंगामी कारभार आला, पण निवडणूक लढवण्यासाठी त्यांनी राजीनामा दिला, आणि मग सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला पाच आठवडे हंगामी राष्ट्रपती झाले. हिदायतुल्ला शिकले नागपूरच्या मॉरिस कॉलेजात, आणि वकिली सुरू केली तीही नागपुरातच. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन दिल्लीला आले ते नेमके याच पाच आठवड्यांत, त्यामुळे त्यांच्या स्वागताला नागपूरचा हा न्यायाधीश यजमान म्हणून उभा होता.

२५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या जाहीरनाम्यावर इथेच सही केली. मंत्रिमंडळाची बैठक त्यानंतर, दुसऱ्या दिवशी पहाटे झाली. राष्ट्रपती न्हाणीघरातल्या टबात बसून वटहुकमांवर सह्या करताहेत, हे अबू अब्राहम यांचं व्यंगचित्र त्याच वर्षी डिसेंबरात छापून आलं. या घरावर इतका लखलखीत आणि इतका योग्य वार दुसऱ्या कोणी केलेला नाही. त्याच्या उलट बाजूला के. आर. नारायणन येतात. केरळच्या एका गरीब दलित कुटुंबातला हा मुलगा १९९७ मध्ये राष्ट्रपती झाला, आणि त्याच वर्षी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस त्यांनी फेरविचारासाठी सरकारकडे परत पाठवली. घर तेच, सहीचं टेबलही तेच. सही करणाऱ्याने कागद वाचला की नाही, यावर सगळं ठरतं.

डॉ. अब्दुल कलाम यांनी २००६ मध्ये रामेश्वरमहून आलेल्या आपल्या नातेवाइकांच्या मुक्कामाचा खर्च, साडेतीन लाखांच्या आसपास, स्वतःच्या खिशातून भरला. त्यांचे सचिव पी. एम. नायर यांनी हे लिहून ठेवलं आहे.

२५ जुलै २००७ रोजी जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावला जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील या घरात राहायला आल्या. पहिल्या महिला राष्ट्रपती, आणि महाराष्ट्रातून आलेल्याही पहिल्या. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून आमदार झालेल्या, पुढे राजस्थानच्या राज्यपाल झालेल्या. प्रतिभाताईंच्या काळात ‘रोशनी’ या नावाने आवारात कचरा, पाणी आणि वीज यांचा नीट हिशेब सुरू झाला. ३३० एकरांच्या या आवारात हजारो कर्मचाऱ्यांची कुटुंबं राहतात. माळी, आचारी, धोबी, कारकून, अंगरक्षक दलाचे जवान. घराच्या रहिवाशांची यादी करताना राष्ट्रपतींचीच नावं लिहिली जातात. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहेत, आणि घर चालतं ते त्यांच्या कामावर.

प्रणव मुखर्जी यांनी दोन कामं नेटाने केली. राष्ट्रपतींच्या नावामागे मिरवणारी ‘महामहिम’ ही उपाधी देशातल्या कार्यक्रमांतून काढून टाकली, आणि जुन्या पागा व मोटारखान्यांचं संग्रहालय केलं. त्याचा पहिला भाग २५ जुलै २०१४ ला खुला झाला. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर सुरक्षेच्या कारणाने बाजूला पडलेली बग्गीही त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी पुन्हा बाहेर काढली. २०२४ च्या प्रजासत्ताकदिनी द्रौपदी मुर्मू फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांच्यासह तिच्यातूनच गेल्या. मुघल गार्डनचं नाव २०२३ मध्ये अमृत उद्यान झालं. २५ जुलै २०२४ पासून दरबार हॉल गणतंत्र मंडप आणि अशोक हॉल अशोक मंडप झाला.

नाव बदलण्याच्या आधीच दरबार हॉल बदलला होता. ४ फेब्रुवारी २०१४ ला सचिन तेंडुलकर यांनी इथे भारतरत्न स्वीकारलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी पद्मश्री घेतली. महादेव कोळी समाजातल्या राहीबाईंनी गावठी बियाणं जपलं, त्या कामासाठी. सिंधुताई सपकाळ यांनाही त्याच महिन्यात इथेच पद्मश्री मिळाली. व्हाइसरॉयच्या काळात या दालनात कोणी कुठे उभं राहायचं हे पदव्यांवरून ठरत असे. नऊवारीतल्या राहीबाई त्या गालिच्यावरून चालत गेल्या तेव्हा त्यांच्यामागे पदवी नव्हती, शाळाही नव्हती.

आता घर पाहायला जाता येतं. आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, ओळखपत्र लागतं. मुख्य इमारत, संग्रहालय आणि ठरावीक दिवसांत उद्यान अशा वेगवेगळ्या फेऱ्या आहेत. पुण्या-मुंबईहून गेलेली मंडळी झुंबरांचीच आठवण घेऊन येतात. त्यांनी समोरच्या खांबांपाशी जरा जास्त वेळ थांबावं. तिथे रामपुरव्याचा बैल आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला, बिहारच्या चंपारणात सापडलेला, अशोकस्तंभाच्या माथ्यावरचा. दगडाला दिलेली झिलई अजून शाबूत आहे. १९४८ च्या त्या प्रदर्शनासाठी तो आला, आणि बाकीचं संग्रहालय जनपथावर गेलं तरी तो इथेच राहिला.